मुक्काम पोस्ट भोपाळ

लष्करातील बदलीचा हुकूम चार ओळींचा असतो. त्या चार ओळींत सैनिकाचा क्रमांक असतो, हुद्दा असतो, सोडावयाचे ठाणे आणि गाठावयाचे ठाणे असते, तारीख असते. त्याच्या पत्नीचे नाव त्यात नसते, चौथीतून पाचवीत जाणाऱ्या मुलीचे नसते, आणि तीन वर्षे पाणी घालून वाढविलेल्या दारातल्या तुळशीचे तर नसतेच नसते. पण हुकूम बजावला जातो तो ह्या साऱ्यांवर. नुकताच कोठे रुजू लागलेला संसार काळ्या पत्र्याच्या ट्रंकांत भरला जातो, ट्रंकांवरचे जुने नाव खोडून पांढऱ्या रंगाने नवे लिहिले जाते, आणि एक कुटुंब देशाच्या नकाशावर एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर सरकते. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, सातारा, चंदगड, बेळगाव आणि आपला गोमंतक ह्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांना हा अनुभव नवा नाही.

अशा कुटुंबाच्या हाती नव्या ठाण्यावर एखादे माहितीपत्रक ठेवावे, ही प्रथा जगभरच्या सैन्यांत आहे. अमेरिकेने तर तिचे एक शास्त्रच बनविले आहे. तेथे नवागत कुटुंबासाठी आधीपासून ठाण्यावर असलेले एक कुटुंब पालक म्हणून नेमून देतात आणि प्रत्येक तळाची स्वतंत्र मार्गदर्शिका असते. आपल्याकडेही अशी पत्रके निघतात. त्यांत शाळा असते, इस्पितळ असते, कँटीनच्या वेळा असतात आणि शेवटच्या पानावर ‘प्रेक्षणीय स्थळे’ ह्या मथळ्याखाली परिसरातील देवळे, तलाव आणि अभयारण्ये ह्यांची जंत्री असते. हे शेवटचे पान आज आम्हांस विचारार्थ घ्यावयाचे आहे. पत्रकाच्या त्या पानावर आपण सैनिकाच्या कुटुंबाला पाहुणा मानतो की रहिवासी, हे ठरून गेलेले असते.

भोपाळचे उदाहरण घेऊ. भारतीय सेनेच्या एकविसाव्या कोअरचे मुख्यालय तेथे आहे, बैरागढला ‘ईएमई’ दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. मध्य प्रदेशाची ही राजधानी म्हणजे मराठी सैनिकांच्या कुटुंबांच्या वाटेवरचे ठरलेले ठिकाण. वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस बेळगाव, मिरज, सातारा, पुणे, भुसावळ करीत भोपाळला पोचते. ही स्थानके नुसती क्रमाने वाचली तरी भरतीच्या गावांचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. उलट दिशेने हीच गाडी उत्तरेकडील पर्यटक घेऊन गोव्याला येते. त्या पर्यटकासाठी गोव्याने ढीगभर रंगीत पुस्तिका छापल्या आहेत. त्याच गाडीने भोपाळला जाणाऱ्या सैनिकपत्नीसाठी मराठीत चार पाने छापावीत, असे मात्र कोणाला सुचलेले दिसत नाही. पत्रके निघतात ती बहुधा इंग्रजीत, फार तर हिंदीत. कुडाळ वा पेडणे तालुक्यातल्या खेड्यातून लग्न होऊन दोन वर्षेही न झालेली जी मुलगी कडेवर मूल घेऊन परक्या मुलुखात उतरते, तिला ज्या भाषेत वाचण्याची सवय आहे त्या भाषेत ती निघत नाहीत.

आणि निघाली तरी त्यांत काय असते? सांचीचा स्तूप, भीमबेटकाच्या गुहा, भोजपूरचे शिवालय, बडा तालाब, ताजुल मसाजिद, वनविहार. ही सारी स्थळे थोर आहेत ह्यात शंका नाही. सांची आणि भीमबेटका ह्या दोन्ही ठिकाणांची नावे जागतिक वारशाच्या यादीत आहेत, पहिल्याचे १९८९ पासून आणि दुसऱ्याचे २००३ पासून. पण ती ज्या रीतीने सांगितली जातात त्या रीतीत एक आळस आहे. अमुक किलोमीटर अंतर, अमुक शतक, सकाळी अमुक वाजता उघडते. हे त्या माणसासाठी ठीक आहे जो दोन रात्री राहून परत जाणार आहे. जे कुटुंब तीन पावसाळे तेथे काढणार आहे, ज्याची मुले तेथे लिहावयास-वाचावयास शिकणार आहेत, त्याला हे गाव आपले कोण लागते, हे सांगावयास हवे. भोपाळच्या बाबतीत तर सांगण्यासारखे इतके आहे, की मौन राखणे हाच मोठा प्रयास ठरावा.

प्रथम हे सांगावे, की भोपाळ नावाचे संस्थान एका बदलीवर आलेल्या सैनिकानेच उभे केले. दोस्त महंमदखान हा अफगाण शिपाई औरंगजेबाच्या फौजेत चाकरीला होता, नशीब काढीत माळव्यात आला, आणि अठराव्या शतकाच्या आरंभी गोंड राणी कमलापतीच्या मुलुखालगत त्याने आपली सत्ता बसविली. त्याच्या वंशात पुढे एकोणिसाव्या शतकात जे घडले त्याला हिंदुस्थानात तोड नाही. १८१९ पासून १९२६ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतानजहान अशा चार स्त्रियांनी भोपाळवर राज्य केले. कुदसिया बेगमेने प्रजेसाठी पाण्याची व्यवस्था केली. सिकंदर बेगम घोड्यावर मांड ठोकून कारभार पाहत असे. सुलतानजहान बेगम १९२० साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची पहिली कुलपती झाली. सांचीच्या स्तूपाचे नाव प्रत्येक पत्रकात असते, परंतु त्या बौद्ध स्तूपाच्या जतनासाठी आणि तेथल्या संग्रहालयासाठी ह्या मुसलमान बेगमांनी आपल्या खजिन्यातून पैसा दिला, हे वाक्य सहसा नसते. नवऱ्याची सीमेवर रवानगी झाल्यावर मुलांसह एकट्याने दिवस काढणाऱ्या सैनिकपत्नीला ह्या चौघींची ओळख करून देणे, हे तिला सफारीची वेळ कळविण्यापेक्षा अधिक उपयोगी आहे असे आम्हांस वाटते.

मराठी कुटुंबाला आणखी एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती तितकीशी सोयीची नाही. १७३७ च्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावाने निजामाला भोपाळपाशी कोंडले आणि पुढच्या महिन्यात दोराहा सराई येथे त्याच्याकडून माळव्यावरचा मराठ्यांचा हक्क मान्य करून घेतला. ही हकीकत आपल्या शालेय पुस्तकांत आहे आणि ती वाचताना आपली छाती फुगते. दोराहा भोपाळहून फार लांब नाही, पण ‘प्रेक्षणीय’ यादीत ते आढळत नाही, कारण पाहावयास तेथे काही फारसे नाही. परंतु ह्याच इतिहासाचे दुसरेही पान आहे. १८१२-१३ साली नागपूरकर भोसले आणि शिंदे ह्यांच्या फौजांनी भोपाळला महिनोन्‌महिने वेढा घातला. वझीर महंमदखानाच्या नेतृत्वाखाली शहर झुंजले, उपासमार सोसून झुंजले, आणि शरण गेले नाही. म्हणजे आपल्या आठवणीतले मराठे आणि भोपाळच्या आठवणीतले मराठे हे एकच नव्हेत. ह्यात लाजण्याचे वा चिडण्याचे काही कारण नाही. इतिहासाचे हेच तर काम. पण जुन्या शहरातल्या एखाद्या वृद्ध दुकानदाराशी बोलताना आपल्या मुलाला हे ठाऊक असले, तर तो जरा हळू बोलेल आणि जरा जास्त ऐकेल.

जुने शहर म्हणजे इतवारा, बुधवारा, जुमेराती. वारांची नावे घेतलेले हे बाजार आमच्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला सख्खे वाटावेत असे आहेत. जरीकाम केलेला बटवा तेथे मिळतो. बटवा हा शब्द मराठी घरात आजीच्या कनवटीबरोबर नाहीसा झाला, तो तेथे अजून दुकानात टांगलेला आहे. समुद्राची मासळी मिळत नाही, म्हणून आरंभी आमच्या माणसांचे फार हाल होतात. तलावातली रोहू-कटला जिभेला मान्य व्हावयास वेळ लागतो. उन्हाळा कोरडा आणि कडक, थंडी अशी की कोकणातून नेलेली चादर कामाची नाही, गोधडीही पुरत नाही, रजई घ्यावी लागते. सकाळी पोहे मात्र मिळतात, बडीशेप आणि शेव घातलेले, आणि शेजारी जिलबी. पोह्याबरोबर जिलबी खाणाऱ्या माणसांविषयी आमच्या मनात जो काही संशय असेल तो पहिल्या आठवड्यातच मावळतो, असे जाणकार सांगतात. मिठाचा चहाही तेथे मिळतो. त्याबद्दल आम्ही काही बोलत नाही.

ह्या शहराशी आपले आणखीही धागे आहेत आणि ते पत्रक लिहिणाऱ्याला मुद्दाम शोधावे लागत नाहीत. शहराच्या नव्या भागात सगळे ज्याला ‘टी. टी. नगर’ म्हणतात, त्याचे पूर्ण नाव तात्या टोपे नगर. येवल्याचा हा ब्राह्मण सेनानी १८५७ च्या रणात मध्य हिंदुस्थान पालथा घालीत राहिला आणि १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला फासावर चढला. दोन आद्याक्षरांत आवळून ठेवलेले ते नाव मराठी मुलाला तरी सोडवून सांगितले पाहिजे. भीमबेटकाच्या शैलाश्रयांतली चित्रे जगापुढे आणली ती डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर ह्या मराठी पुरातत्त्वज्ञाने. १९५७ साली आगगाडीतून जाताना दूरवरच्या खडकांची ठेवण त्यांच्या नजरेत भरली आणि ते वाट वाकडी करून तेथे पोचले. ज्या कुटुंबाचे निम्मे आयुष्य आगगाडीच्या खिडकीशी जाते त्याला ही हकीकत आवडेल. त्या चित्रांत हरणे आहेत, रानरेडे आहेत, आणि नंतरच्या काळातल्या थरांत भाले उगारलेले स्वारही आहेत.

गोमंतकीयाला तर भारत भवन पाहताना परकेपणा वाटूच नये. १९८२ साली उघडलेली ही कलावास्तू चार्ल्स कोरिया ह्या गोव्याच्या मुळांच्या वास्तुशिल्पीची. टेकडीच्या उतारावरून पायऱ्यापायऱ्यांनी ती तलावाकडे उतरते. रस्त्यावरून पाहिले तर इमारत दिसतच नाही, आत शिरल्यावर अंगणे उलगडत जातात. मांडवीकाठची आपली कला अकादमी ही त्याच हाताची आणि त्याच सुमाराची. पाण्याशेजारी इमारतीने मान वर न काढता कसे बसावे, ही एकच जाण दोन्हींत आहे. (२०२३ च्या जुलैत दुरुस्ती चालू असताना कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. आपण आपल्या वास्तूचे जे केले ते पाहता भोपाळकरांना शहाणपण शिकविण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही, हे कंसात नमूद केलेले बरे.) भारत भवनात जे. स्वामीनाथन ह्यांनी आदिवासींची चित्रे आधुनिक चित्रांच्या पंक्तीला बसविली. पाटनगढ ह्या खेड्यातून आलेला जनगढसिंह श्याम तेथेच जगाला ठाऊक झाला. तोही आपले गाव सोडून भोपाळला आलेलाच होता.

येथवर जे लिहिले ते आनंदाने लिहिण्यासारखे होते. आता जे पान पत्रकात हटकून गाळले जाते त्याकडे वळतो.

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. सरकारने न्यायालयापुढे मांडलेला मृतांचा आकडा पाच हजारांहून अधिक आहे. पीडितांच्या संघटना त्याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. त्या दिवसांत माणसे इस्पितळात पोचविण्यासाठी लष्कराच्या गाड्या धावल्या. लष्कराचा आणि ह्या शहराचा संबंध केवळ छावणीच्या भिंतीचा नाही, हे त्यावरून दिसते. १९८९ च्या फेब्रुवारीत ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली. कारखान्याच्या आवारात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा हलविला गेला तो २०२५ च्या जानेवारीत, म्हणजे चाळीस वर्षांनी. तो पिथमपूरला नेऊन जाळला तेव्हा तेथल्या लोकांनी विरोध केला आणि तो समजण्यासारखाच होता. आवाराभोवतालच्या वस्त्यांच्या भूजलाचा प्रश्न त्या कचऱ्याबरोबर जळाला असे मात्र कोणी म्हणू शकत नाही. त्या वस्त्यांना नळाचे स्वच्छ पाणी द्यावे म्हणून सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले, ह्यावरून पाण्याची अवस्था काय होती ते समजावे.

हे ‘प्रेक्षणीय’ नव्हे, हे आम्हांस कळते. नवागत कुटुंबाला घाबरवून सोडावे असाही आमचा हेतू नाही. तरुण आईच्या हाती पहिल्याच दिवशी मृत्यूंचे आकडे का द्यावेत, असे एखादा अधिकारी विचारील, आणि त्याचा प्रश्न सहृदयतेतून आलेला असेल. आमचे उत्तर असे, की ती हे आज ना उद्या ऐकणारच आहे. घरकामाला येणाऱ्या बाईची धाप, रिक्षावाल्याचे पाणावलेले डोळे, डिसेंबरात निघणारे मोर्चे, हे तिला दिसणार आहे. पत्रकाने मौन राखले तर ती ते अर्धवट, भलत्याच तोंडून आणि भीतीसकट ऐकेल. मग कोठले पाणी प्यावे ह्याचा निर्णय ती अफवेवर करील. उलट, पत्रकात दोन परिच्छेद सरळ लिहिलेले असले, बाधित वस्त्या कोठल्या, त्यांचे पाणी कोठून येते, वायुपीडितांसाठीचे भोपाळ मेमोरियल इस्पितळ कोठे आहे, कारखान्यासमोरचा आई आणि मुलाचा पुतळा कोणी कशासाठी उभारला, एवढे सांगितले, तर ती त्या शहराच्या दुःखाशी निदान ओळखदेख असलेली शेजारीण होईल. भोपाळ म्हटले की आमच्याकडे माणसांना दोनच गोष्टी आठवतात, १९७५ च्या ‘शोले’तला सूरमा भोपाली आणि १९८४ ची ती रात्र. एकावर हसावे, दुसरीवर चुकचुकावे आणि शहर तसेच राहू द्यावे, हे पर्यटकाला जमते. तेथे बिऱ्हाड करणाऱ्याला जमू नये.

छावणी आणि शहर ह्यांच्यातली भिंत हा ह्या साऱ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. इंग्रजांनी ती भिंत हेतुपुरस्सर बांधली. १८८८ साली फ्लोरा अॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर ह्या दोन बायांनी हिंदुस्थानात येणाऱ्या इंग्रज गृहिणींसाठी जाडजूड मार्गदर्शिका लिहिली. नोकर कसे ठेवावे, दूध कसे तपासावे, डोंगरावर कधी जावे, सारे काही तीत आहे. शेजारी कोण राहतो ह्याचा विचार तीत नोकरचाकरांच्या पलीकडे जात नाही. राज्य करणाऱ्याला शेजारी नकोच होता. आपण त्या वहिवाटीची छपाई अजून चालू ठेवावी काय?

तथापि भिंतीविषयी एकांगी बोलणे बरोबर नाही. काहींना तिच्या आतच श्वास घेता आला. इंदूरजवळच्या महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी एका कोकणी सैनिकाच्या घरी चौदावे अपत्य जन्मले. घर मूळचे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकवीत. त्या फौजेत सैनिकांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते, आणि गावकुसाबाहेरच्या माणसांना त्या काळी ते दुसरीकडे कोठे मिळणार होते? पुढे निवृत्त सुभेदाराचे कुटुंब साताऱ्यास असताना १९०१ साली ती मुले गोरेगावला नोकरीस असलेल्या वडिलांना भेटावयास एकटीच निघाली. मसूर स्थानकावर उतरली तेव्हा आधी टाकलेले पत्र वडिलांना मिळालेले नव्हते. न्यावयास कोणी आले नाही. जात कळताच गाडीवाले गाडी देईनात. दुप्पट भाडे कबूल केल्यावर आणि गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर ती मिळाली, आणि वाटेत पाणी कोणी दिले नाही. नवे कपडे घालून निघालेल्या त्या मुलांतला एक भीमराव आंबेडकर. स्वतःच्या आठवणींत त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. छावणीच्या आतले जग आणि फाटकाबाहेरचे जग ह्यांत केवढे अंतर असू शकते, हे त्या प्रवासाने जितके दाखविले तितके कोणत्याच पत्रकाला दाखविता येणार नाही.

ते दिवस गेले असे म्हणून सुटका होत नाही. सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत जवानाच्या कुटुंबाला शहरात भाड्याचे घर शोधावे लागते. अधिकाऱ्याला बंगल्याची वाट पाहताना मेसचा आसरा असतो, नायकाच्या बायकोला नसतो. घरमालक आडनाव विचारतो, आडनावातून न उमगल्यास आणखी काही विचारतो, आणि शेवटी स्वयंपाकघरात काय शिजते ते विचारतो. गणवेशाला सलाम करणारे हात ह्या प्रश्नांपाशी आखडतात. कोणत्या वस्तीत सैनिकांच्या कुटुंबांना सहज घर मिळते, भाडेकरार करताना काय पाहावे, अडवणूक झाली तर छावणीत कोणाकडे जावे, ही माहिती भोजपूरच्या अंतरापेक्षा निकडीची आहे. शिक्षिका वा परिचारिका असलेल्या पत्नीला नव्या राज्यात नोकरीसाठी नव्याने कोणती परीक्षा द्यावी लागेल, कोठे नोंदणी करावी लागेल, हेही त्याच पानावर हवे. दर तीन वर्षांनी नवऱ्याची बढती आणि बायकोची पहिल्यापासून सुरुवात, हा संसाराचा हिशेब कोणाही सुशिक्षित स्त्रीला फार काळ परवडत नाही.

मताधिकाराचेही तसेच. सैनिकाला आपल्या मूळ गावी सेवा मतदार म्हणून नाव ठेवता येते. शांततेच्या ठाण्यावर कुटुंबासह राहत असेल तर तेथील सर्वसाधारण मतदार म्हणूनही ते नोंदविता येते, मात्र दोहोंपैकी एकच. २०२१ पर्यंत कायद्यात ही सवलत ‘पत्नी’ला होती. सैन्यातल्या स्त्रीच्या पतीला नव्हती. त्या वर्षी शब्द बदलून ‘जोडीदार’ करण्यात आला. ह्या साऱ्याचा पत्ता बहुसंख्य कुटुंबांना नसतो. ज्या शहराचा तलाव पितो, ज्या शहराच्या बसने मुले शाळेत जातात, त्या शहराच्या कारभारात मत द्यावे की न द्यावे हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण तो प्रश्न आहे एवढे तरी कळावयास हवे.

भोपाळला स्वातंत्र्य कसे मिळाले हेही गोमंतकीयाला अवश्य कळावे. १५ ऑगस्ट १९४७ ला तेथे तिरंगा फडकला नाही. नबाबाला संस्थान वेगळे राखावयाचे होते, आणि विलीनीकरणासाठी लोकांना चळवळ करावी लागली. १४ जानेवारी १९४९ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, नर्मदाकाठच्या बोरास गावी तिरंगा हाती घेतलेल्या तरुणांवर गोळीबार झाला आणि त्यांनी प्राण दिले. १ जून १९४९ ला भोपाळ भारतात आले. पुढे राष्ट्रपती झालेले शंकर दयाळ शर्मा त्या चळवळीत तुरुंगात गेलेले होते. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत वाट पाहिलेल्या आम्हां माणसांना ही उशिराची पहाट परिचित आहे. वासंतिक सुट्टीत मुलांना नर्मदेकाठी न्यावयाचे असेल तर होशंगाबादच्या, म्हणजे आताच्या नर्मदापुरमच्या घाटाबरोबर बोरासही दाखवावे. यादीत ते नसते.

नव्या मुलुखाला आपल्यात शिरू देणे म्हणजे काय, ह्याचे उदाहरण भोपाळपासून दीडशे किलोमीटरवरच्या देवासला आहे. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने खंगलेले असे तेथे हवापालटासाठी आले. पाच वर्षे गाणे बंद होते. अंथरुणावर पडल्यापडल्या कानी येणारी माळवी बायांची गाणी ते ऐकत राहिले, आणि पुन्हा गावयास बसले तेव्हा ती माळवी माती त्यांच्या रागांत उतरलेली होती. आलेल्या जागी ते आयुष्यभर राहिले. सैनिकाच्या कुटुंबाला तेवढा अवधी मिळत नाही हे खरे. पण ऐकावयास लागण्यासाठी तीन वर्षे काही थोडी नव्हेत.

हे सारे एकट्या लष्कराने करावे असे आमचे म्हणणे नाही. छावणीच्या कार्यालयाला बेगमांचा इतिहास लिहिण्यास सवड नसते आणि ते त्याचे कामही नव्हे. मध्य प्रदेशात शासनाची मराठी साहित्य अकादमी आहे, भोपाळात तिचे कार्यालय आहे, मराठी मंडळींची गणेशोत्सव साजरे करणारी मंडळे आहेत. आपल्या बाजूला प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे. ते निवृत्तिवेतनाचे अर्ज आणि शिष्यवृत्त्या सांभाळते, आणि चांगल्या रीतीने सांभाळते. त्या कार्यालयाने ठाण्यावरच्या दोनचार अनुभवी सैनिकपत्नींना लिहावयास सांगावे, अकादमीने त्यांचे लेखन नीट करून द्यावे, आणि बत्तीस पानांची मराठी पुस्तिका भरतीच्या प्रत्येक तालुक्यात ठेवावी. भोपाळची झाली की महूची, मग सागरची, जबलपूरची. महार रेजिमेंटचे केंद्र सागरला आहे. तेथे जाणाऱ्या घरांना तर ती पिढ्यांपूर्वीच मिळावयास हवी होती.

आणि गोव्याने उलट बाजूही पाहावी. दाबोळीला नौदलाचा तळ आहे, वास्कोला वरुणापुरीची वसाहत आहे, बांबोळीला लष्कराच्या सिग्नल दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. सुलतानपूर, रोहतक, पलक्कड अशा गावांहून आलेली शेकडो कुटुंबे आपल्या शेजारी दोनतीन वर्षे राहतात आणि निघून जातात. त्यांच्या हाती आपण काय ठेवतो? समुद्रकिनाऱ्यांची यादी, काजूच्या दुकानांचे पत्ते आणि ‘भायले’ हे नाव. मुरगाव नगरपालिका, ग्रंथालये आणि शाळा ह्यांनी मिळून त्यांच्यासाठी एक पुस्तिका करावी. तीत चवथ असावी, शिगमो असावा, कोंकणीतली रोजच्या बाजाराची चाळीस-पन्नास वाक्ये असावीत, खाणींनी खरवडलेले डोंगर आणि वास्कोच्या घराघरांत उडून बसणारी कोळशाची भुकटी ह्यांविषयीही दोन सरळ परिच्छेद असावेत. बदल्यांचा हंगाम एप्रिलात सुरू होतो. काम हाती घेतले तर तोवर पहिली आवृत्ती निघण्यास अडचण नाही.